अनोळखी माणसांसाठी प्रार्थना : दिसलं तेवढंच मागायचं

कंदील (धागाकर्ता)

जय ख्रिस्त, मंडळी.

मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेवर आपल्यात भरपूर बोललं जातं, पण ती बहुतेक वेळा ओळखीच्यांपुरती असते. आजारी नातेवाईक, परीक्षेला बसलेली मुलं, मंडळीतली अडचणीतली घरं. हा धागा त्यापलीकडच्यांसाठी आहे. बसमध्ये शेजारी बसलेला, रांगेत पुढे उभा असलेला, लिफ्टमधून आपल्याबरोबर चार मजले चढून गेलेला माणूस. नाव ठाऊक नाही, पुन्हा भेटेल असंही नाही. त्याच्यासाठी प्रार्थना नेमकी कशी करायची आणि ती कुठे बिघडते, ते इथे मांडू या.

पौलाने तीमथ्याला लिहिताना (१ तीमथ्य २:१) विनंत्या, प्रार्थना, रदबदली आणि उपकारस्तुती (आभार मानणं) अशी चार नावं एका दमात घेतली आहेत आणि हे सगळं 'सर्व माणसांसाठी' करायला सांगितलं आहे. त्यात ओळखीची अट नाही.

माझं म्हणणं एवढंच : जे डोळ्यांना दिसलं तेवढंच देवाजवळ मागायचं. मनाने जोडलेलं मागायचं नाही.

उदाहरण घेऊ. बस भरलेली आहे. एक बाई उभी आहे, खांद्यावर झोपलेलं मूल, दुसऱ्या हातात पिशवी. दोन थांब्यांच्या मधे तिने तीन वेळा मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. हे दिसलं. मन मात्र लगेच पुढे धावतं : एकटीच दिसते, नवरा बघत नसेल, भांडून निघाली असेल. यातलं काहीच दिसलेलं नाही, ते आपण रचलं.

रचलेल्या गोष्टीवर प्रार्थना केली की ती त्या बाईसाठी राहत नाही, आपल्या मनातल्या भलत्याच कुणासाठी होते. शिवाय अशा प्रार्थनेतून आपल्या हातून काही घडत नाही, कारण न पाहिलेल्या नवऱ्याचं आपण काय करणार? दिसलेल्या गोष्टीवर केली तर ती अशी होते : "प्रभू, हिच्या खांद्याला बळ दे, बाळाची झोप मोडू देऊ नको, उतरताना दोघांना सांभाळ." आणि हे शब्द पुरे व्हायच्या आत ध्यानात येतं की आपण बसलेलो आहोत आणि ती उभी आहे.

पद्धतीचे तपशील, अडचणी, मतभेद सगळं लिहा.

---

जैतून

फार चांगला विषय. 'दिसण्या'बद्दल थोडी भर घालतो.

लूकच्या शुभवर्तमानात कळवळा येण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे (स्प्लांख्निझोमाय) ते तीनच ठिकाणी येतं : एकुलता मुलगा वारलेल्या नाईन गावच्या विधवेला पाहून प्रभूला (७:१३), दाखल्यातल्या वाटेवरच्या जखमी माणसाला पाहून परक्या शोमरोन्याला (१०:३३) आणि घर सोडून गेलेल्या मुलाला दुरून येताना पाहून बापाला (१५:२०). तिन्ही ठिकाणी आधी 'पाहिलं' आहे, मग कळवळा. या क्रियापदाचं मूळ पोटातल्या आतड्यांसाठीच्या शब्दात आहे, म्हणून आपलं 'आतडं तुटणं' त्याला जितकं जवळ आहे तितकं 'दया येणं' नाही.

पण पाहणं म्हणजे सगळं नव्हे. शोमरोन्याच्या त्याच दाखल्यात याजकानेही त्या जखमी माणसाला पाहिलं, लेव्यानेही (मंदिराच्या सेवकानेही) पाहिलं. क्रियापद तेच. दोघं पाहून दुसऱ्या बाजूने गेले.

नाईनमधला क्रम बघा. पाहिलं, कळवळला, तिच्याशी बोलला, जवळ जाऊन तिरडीला हात लावला. त्या बाईने काही मागितलेलं नाही आणि तिच्या विश्वासाचाही उल्लेख नाही. अनोळखी माणसासाठी प्रार्थना करायला त्याची मागणी किंवा परवानगी लागते का, असं काही जण विचारतात, त्यांना हा उतारा दाखवावा. मनातल्या मनात देवाशी बोलायला परवानगी लागत नाही. त्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायला लागते. तो वेगळा विषय, कुणीतरी लिहाच.

---

पायवाट

कंदील, तुमचं म्हणणं पटलं, पण नवीन माणसाची अडचण एक पायरी अलीकडची आहे. तो रचतही नाही, कारण त्याला कुणी दिसतच नाही. आणि याचं कारण दर वेळी कठोर मन नसतं. बहुतेकदा घाई असते.

डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी वाचण्यासारखा आहे. प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीकडे छोटं भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय चक्क चांगल्या शोमरोन्याचा दाखला होता. वाटेत एक माणूस दारात खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना सवड होती त्यांच्यातले ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांतले ४५ टक्के, आणि 'उशीर झालाय, पळा' असं सांगितलेल्यांतले फक्त १० टक्के. भाषण दाखल्यावर आहे की नाही याने म्हणण्याजोगा फरक पडला नाही.

म्हणजे दाखला तोंडपाठ असूनही घाईत माणूस दिसत नाही. म्हणून माझ्या मते पहिली पायरी प्रार्थनेची नाही, घड्याळाची आहे. रोजच्या एका ठरावीक फेरीसाठी दहा मिनिटं लवकर निघायचं. तेवढ्यानेच निम्मं काम होतं.

दुसरी पायरी : एकच जागा ठरवायची. थांबा, जिना, दवाखान्यातला बाक, शाळेचं फाटक, काहीही. 'दिवसभर सगळ्यांसाठी' असा निश्चय तीन दिवसांत गळतो, कारण त्याला धरायला कडी नसते. एक जागा, रोज एक माणूस, दोन आठवडे. दोन आठवड्यांनंतर वाटलं तर दुसरी जागा जोडा. दिवसाला तिनाच्या वर जाऊ नका, नाहीतर ती हजेरी होते.

तिसरं म्हणजे फोन. ठरवलेल्या जागी तो खिशातच. मान खाली असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

---

ओंजळ

एक अडचण स्पष्टच लिहिते. 'माणसं पाहा' हा सल्ला बाईला ऐकायला आणि पुरुषाला अमलात आणायला सारखा नाही. कुणी आपल्याकडे टक लावून बघतंय हे कळलं की अंगावर काटा येतो. समोरचा प्रार्थना करतोय की आणखी काही, हे तिला कुठून कळणार?

म्हणून नियम असावा : एकदा बघायचं, दोन-तीन सेकंद, मग नजर काढून घ्यायची आणि प्रार्थना खिडकीबाहेर किंवा स्वतःच्या हातांकडे बघत करायची. चेहऱ्याकडे बघतच राहायचं नाही. चेहऱ्यापेक्षा हात, खांदे, चाल, हातातलं सामान जास्त सांगतं. दवाखान्यात फाईल छातीशी घट्ट धरलेले हात दिसले की पुरे. नंबरचा कागद घडी करून करून मऊ झालेला दिसला की पुरे.

आणि कुणाचाही फोटो काढून 'या भावासाठी प्रार्थना करा' म्हणून ग्रुपवर टाकायचा नाही. हे वाढतंय. समोरचा माणूस त्याच्या सगळ्यात वाईट दिवशी तिथे बसलेला असतो आणि त्याचा चेहरा दोनशे फोनवर जातो. त्याच्यासाठी म्हणून केलं, पण त्याला विचारलं नाही.

---

कंदील (धागाकर्ता)

ओंजळताई, हे मूळ लेखातच यायला हवं होतं. पूर्ण सहमत. नजर काढून घेतल्याने आणखी एक फायदा होतो : जास्त बघत राहिलं की मन गोष्ट रचायला लागतं. दोन सेकंदांत जे दिसलं तेवढ्याला धरून राहणं सोपं जातं.

पायवाट, दहा मिनिटांचं एकदम मान्य.

---

मेणबत्ती

शब्दांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. अनेकांचं इथेच अडतं. प्रार्थना म्हटली की उपासनेतली लांब प्रार्थना डोळ्यांपुढे येते आणि तेवढे शब्द बसथांब्यावर सुचत नाहीत.

जुन्या करारातल्या नहेम्याची प्रार्थना बघा. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने प्रश्न विचारला, आणि उत्तर देण्याआधीच्या त्या क्षणात त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली (नहेम्या २:४). प्रार्थनेचे शब्दही नोंदलेले नाहीत, इतकी ती लहान. जुन्या परंपरेत अशा प्रार्थनांना बाणाची उपमा देतात. एक सोडला, गेला. पण त्या बाणामागे पहिल्या अध्यायातला उपास आणि शोक आहे, किस्लेव महिन्यापासून नीसान महिन्यापर्यंतचा, म्हणजे जवळपास चार महिन्यांचा. घरी शांत वेळ नसेल तर रस्त्यावरची प्रार्थना फार दिवस टिकत नाही.

रचना तीन भागांची :

हाक. 'प्रभू', 'बापा', 'येशू', जे नेहमी तोंडात आहे ते.

दिसलेलं. 'हे आजोबा जिना चढताना दर तीन पायऱ्यांना थांबतात.' देवाला माहीत नाही म्हणून सांगायचं नाही. आपलं मन त्या माणसावर टिकावं म्हणून सांगायचं.

मागणं. एकच. 'वरपर्यंत सुखरूप ने.'

दहा-पंधरा सेकंद. संथ श्वासाबरोबर बसतं : आत घेताना हाक, सोडताना मागणं. शब्द जुळवत बसलात की समोरचा माणूस बाजूला राहतो आणि वाक्य महत्त्वाचं होतं.

डोळे मिटायचे नाहीत, मान वाकवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत. मत्तय ६:५ मधली रस्त्याच्या कोपऱ्यांवर उभं राहून केलेली प्रार्थना आठवा. अडचण कोपऱ्याची नव्हती, लोकांनी बघावं या हेतूची होती. वाहन चालवताना तर डोळे रस्त्यावर आणि हात चाकावरच. रुग्णवाहिकेचा आवाज आला की आधी बाजूला होऊन वाट द्या. वाट देणं हा त्या आजाऱ्यासाठीच्या प्रार्थनेचा पहिला शब्द आहे. मग आत असलेल्यासाठी, चालवणाऱ्यासाठी आणि जिथे निघाली आहे तिथे हातमोजे घालून वाट बघणाऱ्यांसाठी एकेक वाक्य.

---

गव्हाचादाणा

ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत येशूची प्रार्थना म्हणून ओळखली जाणारी छोटी प्रार्थना आहे : प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. ती गाठी मारलेल्या दोरीवर म्हणतात, ३३, ५० किंवा १०० गाठींच्या दोऱ्या सर्रास असतात. दुसऱ्यासाठी म्हणताना 'माझ्यावर'च्या जागी 'याच्यावर' किंवा 'आमच्यावर' येतं. ज्यांना शब्द सुचत नाहीत त्यांनी हे खुशाल वापरावं. कॅथलिक घरात वाढलेल्यांना माळेचा एक मणी एका माणसासाठी हेही सहज जमतं.

'आमच्यावर' मला जास्त आवडतं. त्यात आपण आणि तो एकाच बाकावर येतो.

---

पायवाट

गव्हाचादाणा यांनी 'आमच्यावर' म्हटलं, त्यावरून एक शंका. मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटलं की आत येतो. प्रभूच्या प्रार्थनेत आमची भाकर, आमची पापं, सगळीकडे 'आम्ही'च. म्हणताना मनात 'आम्ही मंडळीतले' असंच येतं. अनोळखी माणूस त्यात बसतो का?

---

जैतून

बसतो. 'आम्ही'तून बाहेर राहतो तो ऐकणारा, आणि या प्रार्थनेत ऐकणारा स्वर्गातला बाप आहे. शेजारचा माणूस ऐकणारा नाही, म्हणून त्याला बाहेर ठेवायला व्याकरण कारण देत नाही. बापाशी बोलताना 'आपली भाकर आपल्याला दे' म्हणता येत नाही म्हणून 'आम्ही' आहे, इतकंच. कुणाला आत घ्यायचं हे म्हणणाऱ्याच्या मनावर आहे.

याचा उपयोग असा : रांगेत उभं असताना प्रभूची प्रार्थना मनात सावकाश म्हणायची आणि प्रत्येक 'आम्हाला' म्हणताना पुढच्या माणसाला त्यात धरायचं. तीस-चाळीस सेकंद लागतात. काहीच न सुचण्याच्या दिवसांसाठी याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

---

ओंजळ

जैतून, किती सुंदर सांगितलंत. आता 'आम्हाला' म्हणताना नजर आपोआप पुढच्या माणसाकडे जाईल.

---

साधासरळ

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी मी सहमत नाही. 'दिसलं तेवढंच मागायचं' म्हणजे प्रार्थना खांद्याच्या दुखण्यापुरती राहिली. माणसाची सगळ्यात मोठी गरज तारण आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. मग ती मागायचीच नाही का? पवित्र आत्मा एखाद्याबद्दल मनावर ओझं घालतो तेव्हाही आधी काही दिसलेलं नसतं.

---

कंदील (धागाकर्ता)

साधासरळ, गंभीर आक्षेप आहे, उत्तर नीट देतो.

तारण मागू नये असं मी म्हणत नाही. १ तीमथ्य २ मध्येच चौथ्या वचनात सर्वांचं तारण व्हावं ही देवाची इच्छा सांगितली आहे, म्हणजे ते मागणं त्या आज्ञेला जोडूनच आहे. पण ते प्रत्येक माणसासाठी सारखंच असतं. दहा जणांना ते एकच वाक्य लावत गेलं की आठव्या दिवशी माणूस दिसेनासा होतो आणि वाक्य उरतं. म्हणून क्रम असा ठेवावा : आधी या माणसाचं म्हणून काहीतरी, मग हवं तर तेही.

ओझ्याबद्दल : येतं, मान्य. पण 'या माणसाच्या घरी अमुक झालंय असं मला दाखवलं गेलं' हे आणि 'याच्यासाठी थांबून प्रार्थना कर असं आतून वाटलं' हे वेगळं आहे. दुसरं बहुतेकांना होतं. पहिल्यात आपली कल्पना मिसळायला वेळ लागत नाही. काय मागावं हे कळत नसेल तेव्हा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो (रोम ८:२६), म्हणजे न कळणं हे त्या वचनात गृहीतच धरलं आहे. 'प्रभू, याला काय हवं ते तुला ठाऊक आहे' हे पुरेसं आणि खरं वाक्य आहे.

बार्तीमयाला तर प्रभूने विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं (मार्क १०:५१). आंधळा माणूस समोर उभा असताना. आपण तरी का गृहीत धरावं?

---

साधासरळ

'आधी या माणसाचं म्हणून काहीतरी' हे मान्य. क्रम पटला.

---

दुसरीघंटा

लूक १८ मधला परूशी, म्हणजे धर्मनियम कसोशीने पाळणारा माणूस, कुणी आठवला नाही. त्यालाही मंदिरात उभा असलेला जकातदार, म्हणजे लोकांना नकोसा असलेला करवसुली करणारा, दिसला. त्याने प्रार्थनेत त्याचा उल्लेखही केला. अनोळखी माणूस, पाहिलेला, प्रार्थनेत आलेला! सगळ्या अटी पुऱ्या. आणि तरी ती प्रार्थना फसली, कारण तो माणूस तिथे 'मी याच्यासारखा नाही' अशा तुलनेपुरताच आला.

आपल्यात हे असं दिसतं : 'प्रभू, याचं व्यसन सोडव', 'हिला अंगभर कपड्यांची बुद्धी दे', 'या पोराला आईबापांचा मान ठेवायला शिकव'. मागणं आहे, पण आत निकाल आहे. ओळखायची खूण : हीच प्रार्थना त्या माणसाला ऐकू गेली तर त्याला आधार वाटेल की अपमान? अपमान वाटणार असेल तर वाक्य बदला. पाय लटपटणारा माणूस दिसला तर 'याला घरापर्यंत नीट पोचव' एवढंच. तेवढंच दिसलं आहे.

याचाच दुसरा भाग म्हणजे माणसांची निवड. कळवळा यावा अशीच माणसं आपण निवडतो : म्हातारी, आजारी, गरीब. जक्कय मुख्य जकातदार होता आणि धनवान होता, झाडावर चढून बसला होता. प्रभूने वर पाहिलं आणि त्याला नावाने हाक मारली. आठवड्यातून निदान एकदा ज्याचा राग आला त्याच्यासाठी : रांग मोडून पुढे घुसलेला, फोनवर ओरडणारा साहेब, गाडीचा कर्णा वाजवत राहिलेला. इथे दिसलेलंच मागण्याचा नियम फार कामाला येतो. 'याला घाई झाली आहे, प्रभू, याला वेळेवर पोचव.'

आणि जी माणसं फर्निचरसारखी होऊन गेली आहेत ती : झाडणारी, पहारेकरी, पार्सल आणणारा. उत्पत्ति १६ मध्ये अब्राम आणि त्याची बायको साराय दोघंही आपल्या दासीचं, हागारचं, नाव घेत नाहीत, 'दासी' म्हणतात. ती पळून जाते तेव्हा रानात देवाचा दूत तिला नावाने हाक मारतो आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस. मग ती देवाला नाव देते : एल-रोई, पाहणारा देव. रोज दिसणाऱ्या माणसाला नाव विचारणं हा प्रार्थनेचाच भाग धरा. चौथ्या दिवशी नाव कळलं की तो अनोळखी राहत नाही.

---

ओंजळ

आता ऐकू जाईल अशा प्रार्थनेचं. जैतून यांनी वर मागितलं होतं, म्हणून आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्यांना जे शिकवलं जातं त्यातलं थोडं.

आपणहून सुरुवात करायची नाही. आधी साधं बोलणं झालेलं असावं आणि अडचण त्या व्यक्तीने स्वतः सांगितलेली असावी. मग विचारायचं, आणि 'नाही' म्हणणं सोपं जाईल असं विचारायचं : "मी घरी गेल्यावर तुमच्यासाठी प्रार्थना करीन, चालेल ना?" हे पहिलं. समोरून "आत्ताच करा" आलं तरच तिथे. 'नाही' आलं तर "बरं" म्हणून दुसऱ्या विषयावर. चेहरा पाडायचा नाही, पुन्हा विचारायचं नाही.

"काय मागू?" विचारायचं आणि त्यांचेच शब्द वापरायचे. त्यांनी 'गुडघा' म्हटलं तर गुडघा. आपण त्याचं 'दुर्बलतेचं बंधन' करायचं नाही. हात ठेवायचा असेल तर आधी विचारायचं. विचारायला संकोच वाटत असेल तर ठेवायचा नाही. अर्ध्या मिनिटात संपवायचं. 'तुम्ही बरे होणारच' असं वचन द्यायचं नाही, ते आपल्या हातात नाही. औषध, डॉक्टर याबद्दल एक शब्दही नाही. आमेन झाल्यावर हातात मंडळीची प्रचारपत्रिका ठेवायची नाही. ठेवली की आधीचं सगळं त्या पत्रिकेसाठीच होतं असं वाटतं, आणि त्यात त्या माणसाची चूक नसते.

जिथे समोरचा आपल्यावर अवलंबून आहे तिथे विचारायचंही नाही. परिचारिकेने रुग्णाला, साहेबाने हाताखालच्याला, शिक्षिकेने मुलाला. त्यांना 'नाही' म्हणता येत नाही. तिथे मनात.

---

मेणबत्ती

ओंजळताई, पत्रिकेबद्दल थोडं वेगळं मत आहे. कुणी स्वतः विचारलं, 'तुम्ही कुठल्या मंडळीत जाता', तर सांगावं, द्यावं. बाकी सगळं मान्य.

---

ओंजळ

विचारलं तर जरूर.

---

शोधयात्री

'तुमच्यासाठी प्रार्थना करतोय' हे सांगण्याबद्दल. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रार्थना करणाऱ्या गटांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच दिलं होतं, १४ दिवस. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे माहीत नव्हतं, त्यांच्यात प्रार्थना झालेल्या आणि न झालेल्या गटांत फरक पडला नाही (गुंतागुंत ५२ आणि ५१ टक्के). ज्यांना खात्रीने सांगितलं होतं त्यांच्यात ५९ टक्के निघाली. आपली तब्येत इतकी वाईट आहे का, ही धास्ती त्यामागे असू शकेल असं संशोधकांकडूनच बोललं गेलं. तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

हे लिहिलं कारण कुणीतरी विचारणारच : मग उपयोग काय?

---

जैतून

आकडे बरोबर आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. प्रार्थना ही मात्रा मोजून दिलेलं औषध असेल तर तो अभ्यास तिच्या विरुद्ध जातो. आपण ती तशी मानत नाही. मुलाने बापाजवळ मागणं आणि बापाने त्याच्या इच्छेप्रमाणे करणं, याला 'प्रार्थना न मिळालेला गट' कसा लावणार? त्या रुग्णांच्या घरचे प्रार्थना करतच असणार. पण म्हणून 'विज्ञानाने सिद्ध झालंय' असंही आपण कधी म्हणू नये.

व्यवहारात त्यातून घेण्यासारखं आहे ते एवढं : आजाऱ्याला गाजावाजा करून सांगू नका. 'सगळी मंडळी तुमच्यासाठी रात्रभर बसली आहे' यापेक्षा 'आज सकाळी तुमची आठवण काढली' हे झेपणारं आहे.

उपयोगाचं म्हणाल तर याकोब २:१५-१६ वाचा. उघड्याला, उपाश्याला 'ऊब घ्या, तृप्त व्हा' म्हणून पाठवून द्यायचं आणि काही द्यायचं नाही, यावर तिथे सरळ बोट ठेवलं आहे. कंदील यांचं बसमधलं उदाहरण म्हणूनच पटलं. ती प्रार्थना उठायला लावते.

---

रविवारशाळा

लहान मुलांबरोबर कसं करावं? त्यांना 'मनात' म्हटलेलं कळत नाही, ती बोट दाखवून मोठ्याने विचारतात.

---

पायवाट

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी बाहेर बघायचं, घरी बोलायचं. रात्री झोपताना एकच प्रश्न : "आज कोण दिसलं?" मूल म्हणेल, फुगेवाला. मग, "त्याचं काय दिसलं?" "त्याचे फुगे उरले होते." झालं, "येशू, उद्या त्याचे सगळे फुगे जाऊ देत." मुलं रचत कमी आणि बघतात जास्त, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. फक्त 'बिचारा' हा शब्द आपण शिकवायचा नाही.

---

वाटेतलीसावली

दमणुकीबद्दल विचारायचं होतं. महिनाभर मनापासून हे केलं की माणसं डोक्यात राहायला लागतात. दवाखान्यातला बाक तर रात्री झोपू देत नाही. त्यांचं पुढे काय झालं हे कधीच कळत नाही, तेच सगळ्यात जड जातं.

---

मेणबत्ती

हे होतं, आणि ज्यांना खरोखर दिसायला लागतं त्यांनाच होतं. तीन गोष्टी सांगतो.

दर प्रार्थनेला शेवट द्या. 'आमेन' मनात स्पष्ट म्हणा. आमेन न म्हणता सोडलेली प्रार्थना काळजी होऊन मागे येते. त्याबरोबर हाताची मूठ उघडा, खिशातल्या खिशात. शरीराला कळतं.

वही ठेवत असाल तर नाव, आजार, पत्ता काही नको. 'थांबा, हिरवी पिशवी' एवढंच. शनिवारी रात्री ते पान देवापुढे धरून एकदा वाचा आणि फाडून टाका. वही साठवू नका. साठली की मोजली जाते, मोजली की अभिमान येतो. आणि न फाडलेलं पान दुसऱ्याच्या हाती लागलं तर ती चहाडी ठरते.

झोपण्याआधी पाच-सात मिनिटं दिवसाची उजळणी. येशूसंघाचा संस्थापक इग्नाशियस याने आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात (१५४८) पाच टप्पे दिले आहेत : उपकार मानणं, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा मागणं, उद्याचा निश्चय. तिसऱ्या टप्प्यावर विचारायचं, 'आज माझ्यासमोरून कोण गेलं आणि मला दिसलं नाही?' एखादा चेहरा येतो. त्याच्यासाठी तेव्हा करा. उशीर झालेला नसतो.

आणि दवाखान्याचा बाक सध्या सोडा. महिनाभर शाळेचं फाटक घ्या. त्या बाकावरच्यांकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष जाईल.

---

वाटेतलीसावली

मूठ उघडण्याचं आजच करते. फाटकाचंही. आभार.

---

दुसरीघंटा

वाटेतलीसावली, त्यात आणखी एक : कंदील यांनी सुरुवातीला सांगितलेल्या पौलाच्या चार नावांतलं चौथं उपकारस्तुती आहे, ते आपण विसरतो. सगळ्या प्रार्थना दुखण्याच्याच असल्या तर मन खचणारच. आनंदात दिसलेल्या माणसासाठीही थांबा. नव्या चपला घालून पायांकडे बघत चालणारं पोर, निकाल बघून फोनवर हसणारी मुलगी. 'प्रभू, हिच्या आनंदाबद्दल तुझे आभार.' मागणं काहीच नाही. तीन दुःखांमागे एक तरी असं ठेवा.

---

साधासरळ

मंडळीत हे कसं आणावं? आमच्यासारख्या ठिकाणी रविवारची मध्यस्थी म्हणजे आजाऱ्यांच्या नावांची यादी.

---

गव्हाचादाणा

कॅथलिक उपासनेतला क्रम बघा. विश्वासूंची प्रार्थना, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी मिळून केलेली मध्यस्थी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेने) १९६३ मध्ये पुन्हा सुरू केली. तिचा सर्वसाधारण क्रम असा : ख्रिस्तसभेच्या गरजा, राज्यकर्ते आणि सगळ्या जगाचं तारण, अडचणीत असलेले लोक, आणि मग शेवटी स्थानिक मंडळी. आपण नेमकं उलट करतो, आपल्यापासून सुरू करतो आणि वेळ संपतो. उत्तम शुक्रवारच्या उपासनेत तर दहा मध्यस्थ्या आहेत, त्यात ख्रिस्तावर विश्वास न ठेवणारे आणि देवालाच न मानणारे यांच्यासाठी वेगवेगळ्या.

करायला सोपं : यादी वाचण्याआधी तीस सेकंद शांतता आणि पाळकांनी एवढंच म्हणावं, 'या आठवड्यात दिसलेल्या, पण नाव माहीत नसलेल्या एका व्यक्तीला आता देवापुढे धरू या.' कुणी मोठ्याने सांगायचं नाही. तीस सेकंद घड्याळ लावून मोजा, पुढे उभ्या असलेल्याला ते फार लांब वाटतात आणि तो बाराव्या सेकंदाला बोलायला लागतो.

---

साधासरळ

पाळकसाहेबांना दाखवतो. तीस सेकंद मोजायचं काम मी घेईन.